बाजूनं काढलेला फोटो

माझी बायको ऑर्किडवाली. कोल्हापूरला वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर दोन पावसाळे ती राधानगरीच्या जंगलात रानटी ऑर्किडं शोधत हिंडली होती. मग आमचं लग्न झालं आणि ती माझ्यामागे अमेरिकेत, रेडमंडला आली. माझ्या व्हिसावर आलेल्या बायकोला नोकरी करता येत नाही, हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं. किती वर्षं, हे माहीत नव्हतं. तिनं तक्रार केली नाही, आणि मी विचारलं नाही.

एकदा ऑफिसातून आलो तर ती लॅपटॉपवर एका फुलाचा फोटो मोठा करून बघत होती. पश्चिम आफ्रिकेतल्या रानटी ऑर्किडांची एक साइट होती. तिथली माणसं जंगलात फोटो काढून टाकायची आणि कुठले कुठले हौशी जाणकार फुलाला नाव द्यायचे.

"आफ्रिकेचं कशाला? आपल्याकडचं कर की," मी म्हणालो.

"आपल्याकडे बघणारे पुष्कळ आहेत रे. इथे फोटो नुसते पडून असतात."

सगळ्यात जास्त फोटो घानातले एक शाळामास्तर पाठवायचे. रविवारी चर्च आटोपलं की जंगलात जायचे. ते तिला मॅडम म्हणत, ती त्यांना सर. दोघं एकदाही फोनवर बोलले नाहीत, नुसतं फुलांखाली एकमेकांना लिहीत राहिले. ती नाव द्यायची आणि ते नाव का, हेही लिहायची.

मग तिच्या पोटात दुखायला लागलं. अंडाशयाचा कॅन्सर निघाला, पसरलेला. तिसऱ्या केमोच्या आठवड्यात कामाच्या परवान्याचं कार्ड पोस्टानं आलं. मी ते तिच्या हातात दिलं. त्यावरचा स्वतःचा फोटो तिनं बराच वेळ बघितला. "केस छान होते माझे," म्हणाली आणि कार्ड बाजूला ठेवून दिलं.

केमोनं तिची बोटं बधिर झाली. स्क्रीनकडे बघितलं की मळमळायचं. म्हणून मी पलंगाशेजारी बसून फोटो बघायचो, काय दिसतं ते सांगायचो आणि ती सांगेल ते टाइप करायचो.

"पांढरं फूल आहे," मी पहिल्या दिवशी म्हणालो.

"ते कुणीही सांगेल. ओठ कुठेय?"

ऑर्किडची एक पाकळी बाकीच्यांपेक्षा वेगळी असते, तिला ओठ म्हणतात, हे मला तेव्हा कळलं.

"वर आहे. टोपीसारखा."

"नक्की वर? देठ बघ. फोटो उलटा काढला असेल."

"नक्की."

"मागे नळी लोंबतेय का?"

"नळी नाही. हनुवटीसारखा फुगवटा आहे."

"मग पॉलिस्टॅकिया. बहुतेकांचा ओठ खाली असतो, ह्याचा वर. लिही."

इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही दोघांनी मिळून कशाकडेच इतकं निरखून बघितलं नव्हतं. मला ते शिकणं आवडायला लागलं होतं, आणि आवडतंय याचीच लाज वाटायची.

वसंत लागता लागता सरांचा एक फोटो आला. चांदणीसारखं पांढरं फूल, समोरून काढलेलं.

"समोरून नाही कळायचं," ती डोळे मिटूनच म्हणाली. "नळी मागे असते. बाजूनं काढायला सांग."

मी लिहिलं. सरांचं उत्तर आलं, झाड ओढ्यापलीकडे आहे, पाणी उतरलं की जातो.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी उपचार थांबवले आणि आम्ही तिला घरी आणलं. तिनं दोनदा विचारलं, "सरांचा फोटो आला?" दोन्ही वेळा मी नाही म्हणालो. तो आला एका रविवारी. तोवर तिचं बोलणं थांबलं होतं. घरी येणारी नर्स म्हणाली होती की ऐकू शेवटपर्यंत येतं. म्हणून मी तिच्या कानाशी बसून सांगितलं. नळी लांब आहे, किंचित वाकलेली, टोकाला हिरवट. तिचा श्वास चालू होता, एवढंच. मंगळवारी दुपारी ती गेली.

दिवस झाल्यावर मी तिच्या खात्यावरून त्या फुलाला नाव दिलं, एरँगिस. लांब नळी, पांढरं फूल, मला खात्री होती. ती गेल्याचं मात्र कुणालाच कळवलं नाही. तसं लिहायला हात उचलेना.

काही महिन्यांनी सकाळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये फोन बघितला. बेल्जियमच्या एका जाणकार बाईंनी लिहिलं होतं, "नळी तोंडाशी रुंद आहे आणि हळूहळू निमुळती होते. खालचं जुनं फूलही नारिंगी पडलंय. हे सिर्टॉर्किस आहे. मॅडम, तुमची अशी चूक होत नाही. तब्येत बरी आहे ना?"

ते नारिंगी फूल मी पाहिलं होतं. सुकलंय म्हणून सोडून दिलं होतं. अंत्यसंस्काराला मी रडलो नव्हतो, सगळ्यांना चहा विचारत फिरत होतो. त्या दिवशी गाडीत बसून रडलो. मग दिलेलं नाव मागे घेतलं आणि खाली लिहिलं की मी तिचा नवरा, चूक माझी आहे, तिची नाही, ती आता नाही.

संध्याकाळी सरांचं उत्तर आलं. "दुसरं कुणीतरी लिहितंय असं मला वाटलं होतं. मॅडम फुलाच्या नावाखाली कारण लिहायच्या, या वेळी नव्हतं." त्याखाली त्यांनी विचारलं होतं, "तुमच्या घरी आता स्वयंपाक कोण करतं?"

इथे मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी लिहिलं, मीच करतो, बहुतेक वेळा खिचडी. त्यांनी विचारलं, खिचडी म्हणजे काय. मग मी तांदूळ आणि मुगाची डाळ धुण्यापासून सगळं सविस्तर लिहीत बसलो.