निक्शाचा खांदा

दुब्रोव्निकच्या जुन्या शहरात गाडी शिरत नाही, त्यामुळे पर्यटकांच्या बॅगा पायऱ्या चढवण्यात निक्शाचा जन्म गेला. गल्लीतल्या शेजाऱ्यांनी घरं पर्यटकांना भाड्याने दिली आणि गाव सोडलं. एकटी त्याची आई हटून बसली होती. ती वारली, तेव्हा शवपेटी खाली उतरवायला खांदेकरी मिळेनात.

"शेजाऱ्यांना सांग," फादर म्हणाले.

"कुठले शेजारी, फादर? वर जर्मन, खाली कोरियन."

शेवटी त्याच्या बरोबरीचे तीन हमालच आले.

निम्म्या पायऱ्यांवर बॅगा घेऊन एक बाई उभी होती. तिने अंग चोरून वाट दिली, क्रुसाची खूण केली आणि निक्शाला हळूच विचारलं, "हे पोचवून मोकळे व्हाल ना? माझ्या बॅगा वर न्यायच्यात."

पेटीखालचा खांदा न हलवता निक्शा म्हणाला, "आलोच."