दोन मशिनी, पाच मिनिटं

मला कुणी लॅपटॉप घ्यायचा म्हणून सल्ला विचारला की मी आधी चिडतो आणि मग विचारतो, "सलग किती वेळ काम करणार त्याच्यावर?" लोकांना वाटतं, याला यातलं फार कळतं. डोंबलाचं कळतं! एकदा चुकलो आणि ते अजून निस्तरता आलेलं नाही, एवढंच.

बीडकडं दिंद्रुडला तेव्हा माझं लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं. आमचं घर वाण्याचं. वडिलांचं किराणा दुकान आणि त्याला लागून पत्र्याची एक खोली, ती माझी. नव्या वस्तूंचा नुसता सुळसुळाट झाला होता. गावात मोबाइल आले होते, पानटपरीवर सीडी भाड्यानं मिळायच्या, आणि लाइट मात्र दिवसातून दहा-दहा तास गुल. समदं आलं आन् लाइट गेली, असं आम्ही म्हणायचो.

माझ्याकडं एक वर्कस्टेशन होतं. पुण्यातल्या कुठल्याशा कंपनीनं त्याच्यावर वर्षानुवर्षं यंत्रांची ड्रॉइंग काढली आणि जुनं झालं म्हणून विकलं, ते मी आणलं. दोघांनी धरून उचलावी अशी लोखंडी पेटी. आत एक सोडून दोन प्रोसेसर आणि त्यांना गार ठेवायला पंखे. चालू केलं की पिठाची गिरणी सुरू झाल्यागत आवाज. वडील पलीकडून ओरडायचे, "बंद कर की बे ते, गिऱ्हाइकाचं ऐकू येईना!" पण हातातलं काम ते कधी सोडायचं नाही. तीन तासांची कॅसेट लावा, तीन तास सगळं जसंच्या तसं आत उतरवून घ्यायचं. फक्त वीज लई प्यायचं. लाइट गेली की इन्व्हर्टरवर पंधरा मिनिटं, मग खेळ खलास.

म्हणून औरंगाबादहून लॅपटॉप आणला. दुकानदार म्हणाला, "हा कमी विजेचा प्रोसेसर आहे, साहेब. बॅटरीवर चार तास चालतो. जुन्याच्या वेगाच्या मोठ्या आकड्याला भुलू नका, ही नवी पिढी आहे." याचा आकडा जुन्याच्या निम्मासुद्धा नव्हता. माझी काही खात्री पटेना. म्हटलं, घरी नेऊन दोघांची परीक्षाच घेऊ.

परीक्षेला हाताशी कॅसेट होती ती एका ऊसतोड कुटुंबाच्या लग्नाची. कारखान्यावरून माणसं परतली की वैशाखात लग्नांचा धडाका उडायचा, त्यातलंच एक. मुलगी सतरा-अठराची असेल. तिची आई सकाळपासून माझ्या मागं मागं होती. आमच्याकडं बऱ्याच घरांत लग्न लागताना मुलीची आई मांडवात थांबत नाही. अक्षता पडत असतात तेव्हा ती घरामागं तुळशीला पाणी घालत बसते. लेकीचं लग्न तिनं डोळ्यांनी बघायचं नसतं. ही बाई मला म्हणाली, "दादा, अंतरपाट काढत्यात तेवढं नीट घ्या बरं का. मला बघता येत न्हाई. मागनं तुमच्या सीडीत बघीन."

"घेतो की, मावशी. तुमी बिनघोर राहा," मी म्हणालो आणि खरंच नीट घेतलं.

त्या कॅसेटची पहिली पाच मिनिटं हळदीची होती. तीच पाच मिनिटं मी आधी वर्कस्टेशनवर उतरवली, मग लॅपटॉपवर, आणि दोन्ही शेजारी शेजारी लावून पाहिली. तसूभर फरक नाही! तीच हळद, तेच हसणं, बांगड्यांचा आवाजसुद्धा तोच. एक गिरणीसारखं घरघरत होतं आणि दुसऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. मी एवढा खूश झालो की वडिलांना गल्ल्यावरून उठवून आणलं. ते म्हणाले, "आयला, एवढीशी पाटी आन् तेवढंच काम करती?" त्या दिवशी येईल त्याला मी ते दोन तुकडे दाखवले आणि प्रोसेसरवर तारे तोडले. ते तुकडे पुढंही दाखवायला म्हणून जपून ठेवले.

आता दोन कॅसेटी उतरवायच्या होत्या. एक ही, आणि दुसरी सिरसाळ्याच्या एका आडत्याच्या पोराच्या लग्नाची. तो आमच्यातला, नात्यातला, पुढं दहा लग्नं मिळवून देणारा. सलग लाइट दुपारी तीनच तास असायची, म्हणजे वर्कस्टेशनवर एकच कॅसेट होणार. कुणाची? खरं सांगतो, विचारसुद्धा करावा लागला नाही. आडत्याची वर्कस्टेशनवर लावली आणि ऊसतोडवाल्यांची लॅपटॉपवर.

लॅपटॉप मी गादीवर ठेवला. आम्हा दुकानदारांची ही खोडच, मोलाची वस्तू गादीवर ठेवायची. वरून धूळ बसू नये म्हणून स्वच्छ पंचा टाकला. वर पत्रा तापलेला, बाहेर वैशाखाचं ऊन. कॅसेट सुरू केली, पाच मिनिटं बघितलं, सगळं ठीक होतं. मग घरी जेवायला गेलो, तो तिथंच कलंडलो.

परत आलो तर कॅसेट संपलेली आणि काम झाल्याची खूण पडद्यावर. दुसऱ्या दिवशी युसूफ वडगाव या गावी लग्न होतं, कोरी कॅसेट नव्हती. हीच घेऊन गेलो आणि तिच्यावरच ते लग्न घेतलं. सगळेच तसं करायचे. एकदा आत उतरलं की कॅसेट मोकळी.

तिसऱ्या दिवशी लॅपटॉपवर लग्न उघडलं. वीस-पंचवीस मिनिटं ठीक. पुढं आवाज व्यवस्थित, पण चित्र अडकलेलं. मंगलाष्टका खणखणीत चालू होत्या आणि पडद्यावर अंतरपाटाचं एक टोक तसंच धरलेलं. मधेच चित्र उडी मारायचं, कुणाची तरी पाठ दिसायची, की पुन्हा थांबायचं. अक्षता पडल्याचा गलका ऐकू आला तेव्हा समोर मांडवाचा खांब होता.

तो प्रोसेसर तापला की स्वतःला जपतो, वेग कमी करून घेतो, हे मला नंतर बीडच्या एका जाणत्या माणसानं समजावलं. पाच मिनिटं तो कुणाशीही टक्कर देईल. तापेपर्यंत त्याचा हात धरणारं कुणी नाही. त्यातून मी त्याला गादीवर झोपवून वरून पांघरूण घातलेलं. वर्कस्टेशन जुनं, पण आकांत करत का होईना, त्यानं पार पाडलं असतं. आडत्याचं लग्न त्यानं पार पाडलंच.

मग मी काय केलं? त्यांच्या घरी जाऊन सांगितलं? छे! अडकलेल्या चित्रांवर गुलाबाची फुलं टाकली, लाल बदाम फिरवले, नवरानवरीचा एक फोटो मधोमध चिकटवला. मनात म्हटलं, यांच्याकडं टीव्ही कुठंय? कोण बघणार? लाज वाटते लिहायला, पण हेच शब्द होते. मुलीच्या बापानं सीडी दोन्ही हातांनी घेतली आणि टोपीत ठेवून नेली.

दसरा झाला, टोळ्या निघाल्या. मुलगीही नवऱ्याबरोबर कर्नाटकात तोडीला गेली. संक्रांतीनंतर कधीतरी कानावर आलं की उसाची ट्रॉली पलटी होऊन तिच्याखाली दिंद्रुडकडची एक पोरगी गेली. कुणाची, ते मी विचारलं नाही.

चैत्रात ती आई दुकानात आली. सकाळचे अकरा वाजले असतील, लाइट होती, वर्कस्टेशन घरघरत होतं. हातात पिशवी, तिच्यातून तिनं फडक्यात गुंडाळलेली सीडी काढली. मी तिला ओळखलं, आणि ट्रॉलीखाली गेलेली पोरगी कुणाची तेही.

"दादा, वर्षभर पेटीत व्हती. काल सरपंचाच्या घरी लावली," ती म्हणाली. "लेकीचं तोंडच दिसंना. नुसती फुलं फिरत्यात."

"सीडीला चरे पडले असतील, मावशी." बघा, तेव्हासुद्धा खोटंच बोललो.

"मग मूळ कॅसेट लावा की."

मूळ कॅसेट आता कुठली! मग एकदम त्या पाच मिनिटांची आठवण झाली आणि मला देव भेटल्यासारखं झालं. वर्कस्टेशनवर तो तुकडा होताच. तिला स्टूल दिलं, तुकडा लावला. पोरगी पडद्यावर आली. हळदीनं माखलेली, मान मागं टाकून हसणारी, कुणाला तरी "बास की गं" म्हणणारी. स्वच्छ चित्र, कुठं अडकणं नाही. आईनं पडद्याला बोट लावलं. गालाला, मग कपाळाला. मला रडू फुटायला आलं, आणि खरं सांगायचं तर जरा सुटल्यासारखंही वाटलं.

तुकडा संपला. तिनं पदरानं डोळे पुसले.

"हे न्हाई," ती म्हणाली. "हळदीला तर म्या व्हते की. म्याच लावत व्हते. हे म्या बघितलंय. जे न्हाई बघितलं ते लावा."

मग मात्र मी सगळं सांगून टाकलं. दोन मशिनी, गादी, पंचा, कॅसेटवर दुसरं लग्न, वर टाकलेली फुलं, सगळं. तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे. पण नेमकं कळायचं ते कळलं.

"दोन मशिनी व्हत्या तर आमचीच का म्हून घातली त्याच्यात?"

मी खाली बघत राहिलो. पलीकडं वडील कुणाला तरी शेंगदाणे जोखून देत होते. त्यांनीही मान वर केली नाही.

"बरं," ती म्हणाली. "तुमी तर व्हतात नव्हं तिथं? डोळा लावून तुमीच बघत व्हतात. मग तुमीच सांगा. अंतरपाट काढला तवा कशी दिसत व्हती?"

मी आठवायची शिकस्त केली. त्या उन्हाळ्यात इतके मांडव पाहिले होते की सगळ्या नवऱ्या एकच झाल्या होत्या. त्या क्षणाचं मला एकच आठवत होतं, कॅमेऱ्याच्या कोपऱ्यात लुकलुकणारा बॅटरीचा लाल दिवा.

"लई गोड दिसत व्हती, मावशी," मी म्हणालो. "खाली बघत व्हती."

मग सीडी फडक्यात गुंडाळून तिनं पिशवीत ठेवली आणि उठली.

"खाली तर समद्याच बघत्यात," ती म्हणाली.