गिरजाकाकूंची भवानी

लग्न होऊन कामरगावात आले, तेव्हा शेजारच्या गिरजाकाकू मला चक्क वेड्या वाटल्या. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात मोडायचं आणि गावात वीज यायची होती. भाजीच्या मळ्यातून आल्या की काकू भिंतीकडे तोंड करून बसायच्या आणि वांग्यांवरची कीड, दिराशी झालेलं भांडण, सगळं मोठ्यानं सांगायच्या. मागे चुलीजवळ एक मांजर गुरगुरत असायची. हे बोलणं तिच्यासाठी चालायचं. "डोयात पाह्यलं का तिले वाटते, आता हे मारते," काकू म्हणायच्या. "म्हून पाठ करून बसा लागते."

आमच्याकडे मांजर कोणी मारत नाही. मारली तर काशीला सोन्याची मांजर वाहावी लागते म्हणे! मग नकोशी झाली की पोत्यात कोंबायची, तोंड बांधायचं आणि नाल्यापलीकडे टाकून यायचं. पाप नाल्याच्या माथी. ही तशीच टाकलेली. काकूंनी पोतं सोडलं, तर तिनं आधी त्यांचा अंगठाच फाडला. हात कोपरापर्यंत सुजला.

"काकू, फेका ना थे बला," मी म्हटलं.

"अवं, माणसानंच तिले पोत्यात घातलं. मंग माणूस दिसल्यावर का आरती ओवाळीन थे?"

नाव ठेवलं भवानी. शोभलंही तिला.

दूधभाकर ठेवायची, पाठ फिरवायची, बोलत राहायचं. पाऊसकाळ सरला, हरभरा निघाला, तरी काकूंच्या हातावर नवे ओरखडे असायचेच. एका दुपारी विरजण मागायला गेले, तर भवानी त्यांच्या पाठीला अंग लावून झोपलेली. "हालू नोको," काकू पुटपुटल्या. रडत होत्या बाई! नवरा गेलेला, मूलबाळ नाही. त्यांना आपलं म्हणणारं कोणीतरी त्या दिवशी घरात आलं.

त्याच उन्हाळ्यात काकूंच्या खोकल्यातून रक्त पडू लागलं. दिराचा डोळा घरावर होताच. मेला अंगणात उभा राहून सांगून गेला, "वहिनी, तुमच्या मांगं हे मांजर नाही ठेवत मी. पोत्यात घालतो अन् देतो टाकून."

काकूंनी मला बोलावलं. "कमल, तू ने तिले. पुन्हा पोत्यात गेली तर वाचत नाही थे."

मी नेली. पण ती मला चावायची आणि धूम ठोकून काकूंच्या खाटेखाली जाऊन बसायची. कितीदा नेली, तितकीदा परत. "मी आहो तवरक थे तुयाकडं टिकत नाही," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी भवानी खाटेवर चढली, तशी त्यांनी काठी उचलली आणि तिच्या पाठीत हाणली. मांजर किंचाळली.

"काकू! हे काय करून राह्यल्या?"

"तू मधात पडू नोको. माहं भेव बसू दे तिले. मंग राहीन तुयाच घरात."

भवानी पुन्हा आली, पुन्हा काठी. मला असा संताप आला! नंतर काकू तोंडात पदर कोंबून कितीतरी वेळ हुंदके देत होत्या, आणि माझ्यानं तिथं उभं राहवेना.

भवानी माझ्याकडे राहिली. मीही पाठ करून बसायला शिकले, हातावर ओरखडे मिरवले. हळूहळू ती मांडीवर येऊ लागली. तोवर काकूंच्या अंगातली ताकद पार गेली होती. मला वाटलं, एकदा भेट घालून द्यावी. पदरात घेऊन गेले. काकूंनी हात पुढे केला मात्र, भवानी फुगली, फिसकारली, हातावर पंजा मारून पळाली ती थेट माझ्या घरात.

"झालं," काकू रक्ताकडे पाहत म्हणाल्या. "आता नाही येत थे इकडं."

संध्याकाळच्या आत त्या गेल्या.

आंघोळ घालताना बायकांना तो ताजा ओरखडा दिसला. एकजण म्हणाली, "पाय माय, एवढं केलं त्या अवदसेसाठी. शेवटी तिनं हे पांग फेडले."

मला सगळं सांगायचं होतं. मी पाणी ओतत राहिले.