झालं का तुमचं?

आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयातला नियतकालिकांचा रॅक यंदा मीच रिकामा केला. ऑनलाइन वर्गणी घेतली की एकच अंक कितीही जणांना एकदम वाचता येतो, म्हणून मोठ्या उत्साहानं मीच ती निवडली.

आज भूगोलाचे निवृत्त सर त्या रॅकसमोर उभे दिसले.

“सर, आता घरबसल्या वाचता येतं,” मी म्हटलं.

“वाचतो की. पण ‘झालं का तुमचं?’ असं विचारायला कुणी येत नाही.”

पूर्वी अंक एकच यायचा. एक जण वाचत बसे, दुसरा त्याच्या खुर्चीभोवती घुटमळे, आणि मग दोघं बोलत बोलत चहाला जात. आता कुणालाच कुणासाठी थांबावं लागत नाही.

सर गेल्यावर मी संगणकावर ताजा अंक उघडला. वाचता वाचता उगाच मागे वळून पाहिलं.