डॉक्टरले इचारून येते

पुसदच्या दवाखान्यात मी आमच्या डॉक्टरांकडे अठरा वर्षं कंपाउंडर होतो. मानसोपचाराचा दवाखाना, त्यामुळे किस्से रोजचेच. एक सांगायला घेतला की मागून चार येतात आणि चहा गार होतो!

*

डॉक्टरांची एक रीत होती. पेशंटला आवाज ऐकू येत असले तर ‘तुला भास होतोय’ असं ते पहिल्या दिवशी कधीच म्हणायचे नाहीत. गोळ्या लिहून द्यायचे आणि विचारायचे, “काय म्हणतो तो?” पेशंट खूश! घाम मला फुटायचा.

*

उमरखेडकडच्या तांड्यावरची चांदीबाई आली, तेव्हा तिचा नवरा थावरा वारून वर्ष झालं होतं.

“भर दुपारी थो आवाज देते जी. विहिरीत ये म्हन्ते.”

दोनदा ती काठापर्यंत जाऊन आली होती. डॉक्टर म्हणाले, “गोळ्या चुकवायच्या नाहीत. आणि त्यानं बोलावलं की सांगायचं, डॉक्टरले इचारून येते.”

बाईने ते तंतोतंत पाळलं. दर आठवड्याला हजर! “जाऊ का जी?” “आज नाही.” बस, एवढ्यावर ती जगत होती.

*

मग डॉक्टर राजकारणात पडले. कळंबच्या सभेत एकजण उठून शिव्या द्यायला लागला. डॉक्टरांनी माइकवरूनच विचारलं, “झोप लागते का तुम्हाला?”

तसा मांडवाचा खांब धरून तो ढसाढसा रडला. पुढच्या सभांना कोणी ओरडलंच नाही!

*

आमदार झाल्यावर दवाखाना बंद झाला. चांदीबाई रडकुंडीला आली, “आता मी कोनाले इचारू?” डॉक्टरांनी स्वतःचा नंबर तिच्या मोबाइलमध्ये टाकून दिला.

एकदा भर मीटिंगमध्ये तिचा फोन आला. डॉक्टर “आज नाही” एवढंच बोलले. समोरच्या इंजिनिअरने आपली फाइल गुपचूप मागे ओढली!

*

पुढची निवडणूक डॉक्टर हरले, पण दिल्लीने त्यांना राजदूत करून परदेशी पाठवलं. मला धास्ती चांदीबाईची. पण फोन तिथेही लागायचा.

परवा दुपारी ती माझ्या घरी आली. चेहऱ्यावर हसू. ते पाहून मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

“वामनभाऊ, चार दिस झाले, थो मले बोलावतच नाही.”

“मग चांगलंच झालं की! गोळ्या लागू पडल्या.”

“नाही जी. थो म्हन्ते, तू कायले इचारतं? आता मीच इचारतो डॉक्टरले.”

मी हसण्यावारी नेलं. तिला चहा पाजला, एसटीत बसवून दिलं. घरी परततो तर डॉक्टरांचा फोन. आवाज अगदी बारीक.

“वामनराव, चांदीबाईच्या नवऱ्याला माझा नंबर कोणी दिला?”