नानांना दिसलेली ओळ

आज सकाळी नवा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, टाकल्यावर माझा संगणक सुरू होता होता मध्येच थांबला. डिस्कचा ड्रायव्हर त्यात राहून गेला होता, त्यामुळे त्याला स्वतःची डिस्कच सापडेना. तेवढ्यात बायकोने फरशीवर फिनेल टाकलं, आणि मी पूर्वी सांभाळायचो ती धुळ्याच्या कॉलेजातली संगणक प्रयोगशाळा आठवली.

तिथला सर्व्हर असाच अडला होता. आदल्या दिवशी नवा कर्नल मीच टाकला होता. फरशी पुसणारे रोजंदारीवरचे नाना पडद्यावर बोट ठेवत म्हणाले, "भाऊ, रोज आठे एक लांब ओळ येस, आज ऊनी नही." त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण रोज सकाळी सर्व्हर सुरू होताना पडद्यावर सरकणाऱ्या ओळींचा आकार पाहून पाठ झाला होता.

"नाना, पोछा मारा. ही काय तुमची बादली आहे?" मी म्हणालो. पोरं हसली. मला माझाच विनोद आवडला.

ती ओळ डिस्कच्या ड्रायव्हरचीच होती. हे कळल्यावर मी गुपचूप जुना कर्नल निवडला आणि सर्व्हर सुरू झाला. प्राचार्यांनी येऊन विचारलं, "कोणामुळे बंद पडलं होतं?"

"नानांचा पोछा वायरीला लागला असेल," मी म्हणालो.

इतका भ्याड माणूस स्वतःला तज्ज्ञ म्हणवत होता.

प्राचार्यांनी नानांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. नाना माझ्याकडे बघत राहिले. मी वायर गुंडाळत बसलो. जाताना त्यांनी विचारलं, "सुरू व्हयनं ना, भाऊ? मंग सगळं बठ्ठं बरं शे."

मी मान हलवली. त्या दिवशी मी खरं सांगितलं ते तेवढंच.