आगीचं पाणी

माझं नाव कडूबाई, आणि माझी जीभ नावाला जागते असं आमच्या गल्लीत सगळे म्हणतात. म्हणू द्या. पण ज्या दिवसाचं सांगते त्या दिवशी भर दुपारी, साऱ्या गल्लीसमोर, मी नवऱ्याच्या तोंडाकडं बघत उभी राहिले आणि माझ्या तोंडून एक शब्द फुटंना.

आमचे हे, सर्जेराव, आगीच्या बंबावर ड्रायव्हर आहेत. बंब पळवायचा, जागेवर नेऊन उभा करायचा आणि पंप सुरू करून पाईपात पाणी सोडायचं, ही त्यांची नोकरी. मूळचे दौलताबादकडचे. घरी शेती, पेरूची झाडं, खाऊन पिऊन सुखी. भरती निघाली तेव्हा पळायच्या परीक्षेत ह्यांची चप्पल तुटली, तर हे अनवाणीच पळाले आणि निवडून आले. बघायला आले तेव्हा सासऱ्यांनी हे लई कौतुकानं सांगितलं. मी चहाचा ट्रे हातात धरून विचारलं, "पण पळायचं कुठं असतं हो? आगीकडं का आगीपासून?" सगळे हसले. हे नाय हसले. "आगीकडं," म्हणाले. तेव्हाच मी ओळखायला पाहिजे होतं की हा माणूस जड जाणार.

कुणाच्या लग्नाला गेलो की माणसं नवरा-नवरी बघतात, आमचे हे गॅसची टाकी कुठं ठेवलीय ते बघतात. मांडवाला दुसरा दरवाजा नसला तर जेवण गोड लागत नाय ह्यांना. एकदा माझ्या भावाच्या साखरपुड्यात आचाऱ्याशीच भांडले, टाकी उन्हातून काढ म्हणून. माझी आई म्हणाली, "जावई पाव्हणा म्हणून आलाय का इन्स्पेक्टर म्हणून?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

आता पाण्याचं सांगते. आमच्या गुलमंडीच्या मागच्या गल्लीत नळाला पाणी येतं ते आठवड्यानं, आणि तेही आलं तर. पाण्याच्या दिवशी बाया कामाला जात नाहीत, पाव्हण्यांना या म्हणत नाहीत. घरातलं झाडून सगळं भरून ठेवायचं, ड्रम, हंडे, कुकर, पातेली. मग ते पाणी आठवडाभर वाटीवाटीनं वापरायचं. अशा गावात माझा नवरा पाण्यानं भरलेली गाडी चालवतो. शेजारणी म्हणायच्या, "तुला काय बाई, तुझ्या दारात पाणीच पाणी." कसलं काय अन् कसलं काय! त्या गाडीतला एक तांब्यासुद्धा माझ्या उंबऱ्याच्या आत आला नाय.

आमच्या श्रेयाच्या हळदीच्या दिवशी नळ आला नाय. घरात पन्नास माणूस, मोरीत थेंब नाय. मी ह्यांना बाजूला घेऊन हात जोडले. म्हटलं, "आज एकदाच गाडी आणा. पोरीची हळद हाय, पुन्हा कधी मागणार नाय." हे म्हणाले, "कडू, ते पाणी आगीचं हाय. मी इथं रिकामी केली आन् तिकडं फोन आला, तर?" म्हटलं, "आजच कुठं आग लागतीय!" तर म्हणाले, "ज्याच्या घरी लागती त्याला आजच लागती." आणि टँकर बोलवायला निघून गेले. मी संतापानं लाल झाले. पोरगी सासरी गेली तरी मी ह्यांच्याशी धड बोलत नव्हते. खरं सांगते, त्या दिवशी मला वाटलं, ह्या माणसाला घरापेक्षा गाडी जवळची.

रोज ड्युटीवर गेले की हे गाडीवर चढायचे आणि टाकीचं झाकण उघडून आत डोकावायचे. काटा दाखवतो की किती पाणी आहे ते, तरी डोळ्यानं बघायचे. बाकी सगळंच तिथं अर्धंमुर्धं. एका गाडीवर सहा माणसं पाहिजेत, मिळतात दोन. एक हे आणि दुसरा कृष्णा, तो कंत्राटावरचा. बाकीचे निवृत्त झाले, जागा भरल्याच नाहीत. पाईप जुने, जोडाजोडातून गळणारे. कुठं आग लागली की त्या गळतीखाली आजूबाजूच्या बाया हंडे आणून लावायच्या. घर जळतंय समोर आणि ह्या पाणी भरतायत! पहिल्यांदा ह्यांनी हे सांगितलं तेव्हा मी हसून हसून लोटपोट झाले. हे म्हणाले, "हसू नको. त्या बायांना आगीची भीती वाटत नाय एवढं पाणी दुर्मिळ झालंय." मग मलाही हसवलं नाय.

आणि आगीपेक्षा बाकीचीच कामं जास्त. पाव्हणा येणार, रस्ता धुवा. हेलिकॉप्टर उतरणार, तिथं धूळ उडते, पाणी मारा. हे करायचे. घरी येऊन गप जेवायचे. मी विचारायची, "आज कुठली आग?" तर म्हणायचे, "आज दुभाजकातली झाडं पेटली व्हती," आणि ताटातली भाकर मोडत बसायचे. उलटून बोलणं ह्यांच्या रक्तातच नाय. वरून आदेश आला की व्हय साहेब. त्याचीच मला चीड यायची. बायकोला पाण्याचा कायदा सांगायचा आणि साहेबापुढं मान खाली.

त्या दिवशी सकाळी ह्यांना फोन आला. कुणा मोठ्या साहेबाच्या बंगल्यावर कार्यक्रम, हिरवळ वाळलीय, गाडी घेऊन या. हे "व्हय साहेब" म्हणाले. डबा घेताना माझ्याकडं बघितलंसुद्धा नाय. मी टोमणा मारलाच, "हळदीला नाय, हिरवळीला व्हय. बरोबर हाय, चालू द्या." हे गेले.

दुपारी मी धुणं वाळत घालत होते आणि खालून आरडाओरडा ऐकू आला. समोर सखारामचं गादीचं दुकान आहे, वर जहांआरा खाला राहते, साऱ्या गल्लीची मावशी. सखारामच्या दुकानातून धूर येत होता. आधी पांढरा, मग बघता बघता काळा. कापूस तो, त्याला काय वेळ लागतो! सखाराम बाहेर पळत आला, अंगावरचा सदरा झटकत, "वायर पेटली, वायर पेटली" म्हणत. आणि वर जायचा जिना तर दुकानाच्या आतून आहे.

खालाचे गुडघे गेलेत. एरवीही ती जिना उतरायला भिंत धरून धरून येते. तिचा तौफिक वाळूजला कंपनीत, पहिल्या पाळीला गेलेला. खाला वरच्या खिडकीत आली. पदर तोंडावर धरलेला. खिडकीला गज. ती ओरडत नव्हती, नुसती हात हलवत होती, आणि तेच बघवत नव्हतं. माझ्या श्रेयाला न्हाऊमाखू घातलेली बाई ती. मी टाहो फोडला, "खाला, मागं जा! मागच्या खोलीत जा!"

कुणीतरी फोन लावला. आणि घंटा वाजवत बंब आला तेव्हा सगळ्या गल्लीनं सुटकेचा निःश्वास टाकला. पुढं आमचे हे बसलेले! काय सांगू, माझी छाती एवढी मोठी झाली. म्हटलं, आला माझा माणूस, आता खालाला काय होत नाय. कृष्णानं उडी मारून पाईप ओढला, दुकानासमोर धरला. आम्ही सगळे बघतोय. पाईप थोडा हलला, तोंडातून फुसफुस झाली, ओंजळभर पाणी पडलं आणि संपलं.

कुणालाच काही कळलं नाय. सखाराम म्हणाला, "सोडा की पाणी!" मग एकदम गलका झाला. "पाणी कुठंय?" "पाणी विकून खाल्लं का रे?" "फुकटचा पगार घेता!" कुणीतरी चप्पल फेकली, ती ह्यांच्या खांद्याला लागली. मी गर्दी ढकलत पुढं गेले. मला वाटलं कॉक बंद राहिला असेल, काहीतरी अडकलं असेल. मी ओरडले, "अहो, पाणी सोडा ना! खाला हाय वर!"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. चेहरा राखेसारखा झालेला. म्हणाले, "नाय गं. बंगल्यावर सोडलं समदं. भरायला चाललो व्हतो तेवढ्यात फोन आला. दुसरी गाडी गॅरेजला, तिसरी हेलिकॉप्टरला. म्हटलं, पाणी नसलं तरी शिडी हाय, शिडी तरी घेऊन जाऊ."

माझी जीभ गेली ती तेव्हा. देवा रे! ज्या माणसानं सगळं आयुष्य, पोरीच्या हळदीलासुद्धा, त्या गाडीतला तांब्या दिला नाय, त्याची गाडी कोरडी, आणि आग आमच्याच दारात. हे आणि कृष्णा शिडी उतरवत होते आणि मी तिथं खांबासारखी उभी. दुकानातून ज्वाळा बाहेर आली, शिडी टेकवायच्या भिंतीला चाटायला लागली. कृष्णा दोन पायऱ्या चढला आणि मागं आला. भिंतीपुरती तरी आग दबल्याशिवाय शिडी लागणारच नव्हती.

मग मला काय झालं ते मलाही माहीत नाय. मी घरात पळाले. ड्रममधून हंडा भरला आणि बाहेर येऊन ह्यांच्या हातात दिला. हे बघतच राहिले. म्हणाले, "कडू, नळाला अजून चार दिवस हायेत." मी म्हटलं, "मेल्या माणसाला काय पाणी पाजायचंय का चार दिवसांनी? ओता टाकीत!"

हे गाडीवर चढले, टाकीचं झाकण उघडलं आणि हंडा ओतला. एका हंड्यानं काय होतंय! पण मी दुसरा आणायला वळले तर समोरची सोनिया तिची बादली घेऊन येत होती. तिच्यामागं तिची सासू, सासूच्या डोक्यावर घागर. मग सगळी गल्लीच निघाली. ज्यानं चप्पल फेकली होती तोही कळशी घेऊन रांगेत. वाटीवाटीनं वापरायचं पाणी, पोरांनी सांडलं तर पाठीत धपाटा घालायचं पाणी, त्या टाकीत धबाधबा पडत होतं. कोपऱ्यावरच्या शौकतभाईनं गच्चीवरच्या टाकीचा पाईप थेट खाली सोडला. हे वर उभे राहून ओतत होते आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. धुरानं असेल. नाय, धुरानं नव्हतं.

"पंप!" ह्यांनी आरोळी ठोकली. पाईप ताठ झाला, जोडातून नेहमीसारखी गळती लागली. आणि त्या गळतीखाली कुणी हंडा लावला नाय. उलट दोघीतिघींनी पदर गुंडाळून जोड दाबून धरला, थेंब वाया जाऊ नये म्हणून. भिंतीवरची आग दबली. हे स्वतः शिडीवर चढले, पहारीनं गज उचकटले आणि खालाला पाठीवर घेऊन खाली आले. ती खोकत होती. जिवंत होती. मी तिला मिठी मारली आणि गळा काढून रडले.

दुकान गेलं सखारामचं. वरचं घर मात्र वाचलं.

हे गाडी घेऊन परत गेले आणि संध्याकाळी घरी आले ते काळेठिक्कर. ओट्यावर बसले, म्हणाले, "पाणी दे गं." मी आत गेले. ड्रम उपडा, हंडे उपडे, माठसुद्धा मी दुपारी ओतला होता. शेजारी विचारलं, पलीकडं विचारलं. साऱ्या गल्लीत कुणाकडं घोटभर पाणी नव्हतं. मी रिकामा तांब्या घेऊन दारात आले.

तेवढ्यात भिंत धरत धरत खाला आली. तौफिक मागं घागर घेऊन. साऱ्या गल्लीत पाणी उरलं होतं ते एकाच घरात, तिच्या मागच्या खोलीत, कारण आगीमुळं तिथवर कुणाला जाताच आलं नव्हतं; जिना निवल्यावर तौफिकनं ते काढून आणलं होतं. "पी बेटा," ती म्हणाली आणि माझ्या हातातला तांब्या भरून ह्यांना दिला.

ह्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि फोन वाजला. बंगल्यावरून होता, आवाज मलाही ऐकू येत होता. सकाळचं पाणी कमी पडलं, उद्या लवकर गाडी आणा, पाव्हणे येणार आहेत. मी मनात म्हटलं, झालं, आता ह्यांचं व्हय साहेब.

हे म्हणाले, "साहेब, गाडी मी आत्ता टँकरच्या रांगेत उभा राहून काठोकाठ भरलीय. पण ते पाणी आगीचं हाय. बंगल्याला आग लागली की फोन करा, लगेच येतो." आणि फोन ठेवला.

मी आ वासून बघत राहिले. म्हटलं, "अहो, नोटीस येईल." म्हणाले, "येऊ दे." सगळा तांब्या एका दमात प्यायले, तोंड पुसलं आणि रिकामा तांब्या पुन्हा खालापुढं धरला.

"खाला, अजून थोडं द्या. कडूनं दुपारपासून पाणी प्यालं नसंल, तिचं समदं माझ्या गाडीत गेलं."